सतरा क्रमांकाची वाहिनी आणि पीजचा मनोरा

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला 'प्रसारमाध्यमे आणि स्थानिक समाज' असा विषय दिला आहे. विषयाचा आवाका मोठा आणि वेळ थोडा. म्हणून मी दोनच दूरचित्रवाणी केंद्रांची कथा आपल्यासमोर मांडणार आहे. एक अमेरिकेच्या अटलांटा शहरातले, दुसरे गुजरातच्या खेडा जिल्ह्यातले. दोन्ही लहान, दोन्ही स्थानिक. एकाच कालखंडात उपग्रहाचे युग दोघांच्याही दाराशी आले. एक केंद्र जगभर पसरले, दुसरे बंद झाले. असे का झाले, याचा विचार आपल्या गावाच्या दृष्टीने उपयोगाचा आहे.

तोट्यातले दुकान

अटलांटातील सतरा क्रमांकाची वाहिनी १९६७ साली सुरू झाली. तिचे प्रक्षेपण यूएचएफ लहरींवर होते. चित्र धड दिसत नसे, वेगळा अँटेना लावावा लागे, आणि शहरात मोठ्या राष्ट्रीय जाळ्यांशी जोडलेली बलाढ्य केंद्रे आधीपासून होती. १९७० साली टेड टर्नर या तिशीतल्या तरुणाने हे तोट्यातले केंद्र विकत घेतले. १९६३ साली वडिलांनी आत्महत्या केल्यावर, वयाच्या चोविसाव्या वर्षी, कर्जात असलेला त्यांचा जाहिरात फलकांचा व्यवसाय त्याच्या अंगावर पडला होता. तो त्याने सावरला होता. केंद्राच्या खरेदीला त्याच्या सल्लागारांचा विरोध होता आणि व्यवहार पाहता तो विरोध चुकीचाही नव्हता.

पुढे काय घडले? केंद्राची जाहिरात करायला पैसे नव्हते. पण स्वतःचे रिकामे फलक होते. शहरभर त्यावर सतरा क्रमांक झळकला. १९७१ साली त्याच जातीचे दुसरे केंद्र, छत्तीस क्रमांकाचे, बंद पडले आणि कोणत्याही जाळ्याशी न जोडलेले असे हे एकच केंद्र शहरात उरले. नवीन कार्यक्रम परवडत नसत म्हणून जुने चित्रपट आणि जुन्या मालिका स्वस्तात घेतल्या. इतर केंद्रांवर संध्याकाळच्या बातम्या असत तेव्हा येथे करमणूक असे. कुस्ती आली. १९७३च्या हंगामापासून 'अटलांटा ब्रेव्हज' या स्थानिक बेसबॉल संघाचे सामने आले. हे सामने हातचे जाऊ नयेत म्हणून १९७६ साली टर्नरने तो संघच विकत घेतला.

एक गोष्ट येथे आवर्जून सांगितली पाहिजे. या केंद्राला बातम्यांचे वावडे होते. परवान्याच्या अटीपुरत्या बातम्या द्याव्या लागत, त्या पहाटे तीनच्या सुमारास दिल्या जात आणि त्याही थट्टेच्या सुरात. एकदा निवेदकाशेजारी कुत्राच सहनिवेदक म्हणून बसवला होता. जगाला चोवीस तास बातम्या देणारी वाहिनी ज्या घरात जन्मली, त्या घरची ही पूर्वपीठिका आहे!

उपग्रहाची उडी

१७ डिसेंबर १९७६ हा या कथेतला निर्णायक दिवस. त्या दिवशी सतरा क्रमांकाचे चित्र 'सॅटकॉम-१' उपग्रहावरून देशभरातील केबलचालकांना उपलब्ध झाले. सुरुवातीला ते घेणारी केबल-जाळी चारच होती आणि तीही लहान शहरांतली. परंतु त्याच महिन्यात सरकारी नियामकाने सुमारे साडेचार मीटर व्यासाच्या छोट्या तबकड्यांना परवानगी दिली. पूर्वीची तबकडी याच्या दुपटीहून मोठी आणि फार महाग असे. आता लहान गावचा केबलचालकही ती बसवू शकला. उपग्रहावर चित्र पोचवणाऱ्या कंपनीला तो दरमहा प्रत्येक ग्राहकामागे दहा सेंट देई. टर्नरच्या केंद्राचे उत्पन्न मात्र जाहिरातींचेच. प्रेक्षक वाढले तसा जाहिरातीचा दर वाढला.

१९७९ साली केंद्राचे नाव 'डब्ल्यूटीबीएस' झाले. ही अक्षरे एका तंत्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थी-आकाशवाणीकडे होती. त्यांना पन्नास हजार डॉलर देऊन ती मिळवली. त्यानंतर टर्नरने शार्लट शहरातले आपले दुसरे केंद्र दोन कोटी डॉलरना विकले आणि १ जून १९८० रोजी सीएनएन सुरू केले. तेव्हा ते सुमारे १७ लाख घरांत दिसत होते. प्रस्थापितांनी त्याची 'चिकन नूडल नेटवर्क' म्हणून टिंगल केली. जानेवारी १९९१मध्ये बगदादवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा हॉटेलच्या खोलीतून तो हल्ला जगाला सांगणारे वार्ताहर याच वाहिनीचे होते.

त्या युद्धाचा आपल्याशी थेट संबंध आहे. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या हॉटेलांत आणि काही वसाहतींत तबकड्या लागल्या आणि घराच्या पडद्यावर परदेशी युद्ध थेट दिसू लागले. त्याच वर्षी 'स्टार' आला, २ ऑक्टोबर १९९२ रोजी 'झी' आला, आणि गच्चीगच्चीवरून केबलच्या काळ्या तारा लोंबू लागल्या. आपल्या घरातील केबलच्या वायरीचे एक टोक, असे म्हणता येईल, अटलांटाच्या त्या तोट्यातल्या केंद्रापर्यंत जाते.

पीजचा मनोरा

आता आपल्या देशाकडे वळू. १९७१च्या अखेरीस निधन पावलेल्या डॉ. विक्रम साराभाई यांचे स्वप्न होते की अवकाशविज्ञान खेड्याच्या कामी यावे. त्या दिशेने १ ऑगस्ट १९७५पासून एक वर्ष 'साइट' हा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम पोचले. त्याच सुमारास खेडा जिल्ह्यातील पीज या गावी अवघ्या एक किलोवॅटचे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले. कार्यक्रम इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्रात तयार होत. उपग्रहाचा प्रयोग संपला तरी पीज चालू राहिले.

हा 'अमूल'चा जिल्हा. गावोगावी दूध सहकारी संस्थेसारख्या सार्वजनिक जागी संच ठेवलेले आणि संध्याकाळी गाव त्यापुढे जमत असे. निर्माते सोबत उपकरणे घेऊन खेड्यात जात. गावकरीच अनेकदा नट होत. शेतमजुराची मजुरी, हुंडा, अस्पृश्यता, गुरांचे आजार हे विषय जिल्ह्याच्या बोलीत पडद्यावर येत. पुढे चित्रपट दिग्दर्शक म्हणून नावारूपाला आलेले केतन मेहता येथे काम केलेल्यांपैकीच. ग्रामीण संवादासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार १९८०च्या दशकाच्या मध्यास या प्रकल्पाला मिळाला.

आणि त्याच दशकात तो गुंडाळला गेला. दिल्लीहून देशभर एकच कार्यक्रम दाखवण्याचे धोरण १९८२नंतर जोरात होते. पीजचे प्रक्षेपक मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी हलवण्याचे ठरले. गावकऱ्यांनी विरोध केला. पण अखेर पीजचे केंद्र संपलेच.

मोजमाप कोणाचे?

या दोन कथा शेजारी ठेवल्या की काय दिसते? अटलांटाच्या केंद्राच्या वाढीमागे टर्नरची जिद्द होती, हे खरे. परंतु रिकामे फलक, बंद पडलेला प्रतिस्पर्धी, उपग्रहावर मिळालेली जागा, स्वस्त झालेली तबकडी आणि शिथिल झालेला नियम हेही होते. मुख्य म्हणजे जाहिरातीचे उत्पन्न आणि निर्णयाचा अधिकार एकाच ठिकाणी होते. पीजकडे यातले काहीच नव्हते. निधी सरकारचा, निर्णय दिल्लीचा. ज्यांच्यासाठी केंद्र होते, ते त्याचे मालक नव्हते. लोकांचे प्रेम असूनही संस्था बुडते ती अशी.

पण अटलांटाच्या यशाचीही एक बाजू आहे. केंद्र देशाचे झाले आणि शहराचे उरले नाही. १९९६ साली टर्नरची कंपनी टाइम वॉर्नरमध्ये विलीन झाली. २००१ साली एओएलशी त्या समूहाचा संयोग झाला आणि ज्याने हे सारे उभे केले त्याचाच अधिकार हातून गेला. १ ऑक्टोबर २००७ रोजी राष्ट्रीय वाहिनी आणि शहराचे सतरा क्रमांकाचे केंद्र अधिकृतपणे वेगळे झाले आणि अटलांटासाठी नव्या नावाचे स्थानिक केंद्र पुन्हा सुरू करावे लागले. एकतीस वर्षांनी गाडी जेथून निघाली त्या स्थानकावर!

आपल्या तालुक्याचे काय?

१९९०च्या दशकात महाराष्ट्रातील अनेक शहरांत केबलचालकाची स्वतःची एक वाहिनी असे. दुपारी चित्रपट, संध्याकाळी गावच्या बातम्या, अनंत चतुर्दशीला मिरवणुकीचे थेट चित्रण. पुढे सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईत १ नोव्हेंबर २०१२पासून. लहान केबलचालक मोठ्या कंपन्यांच्या छत्राखाली गेले. आज मोबाइलवर वाहिनी काढायला ना मनोरा लागतो, ना परवान्याची ती जुनी यातायात. उपकरण स्वस्त झाले आहे. बातमी मिळवण्याचे श्रम मात्र तेवढेच आहेत. नगरपालिकेच्या सभेत चार तास बसणे, निविदेचे कागद वाचणे, जिल्हा परिषदेच्या शाळेत किती शिक्षक आहेत हे प्रत्यक्ष जाऊन मोजणे, हे कोणता उपग्रह करणार?

आणि त्या श्रमाचे पैसे कोण देणार? स्थानिक वाहिनी निवडणुकीतील उमेदवारांच्या आणि वाढदिवसाच्या जाहिरातींवरच जगत असेल, तर ती त्यांच्याविरुद्ध बोलणार नाही. तिला दोष देण्यापूर्वी आपण तिला काय दिले, याचा हिशेब करावा. आपल्या गावात प्रामाणिकपणे काम करणारे एखादे छोटे केंद्र असेल तर पाचशे कुटुंबांनी वर्षाची वर्गणी भरावी, व्यापारी मंडळींनी अटी न घालता जाहिरात द्यावी आणि ते चुकले तर घरी जाऊन सांगावे. पीजच्या गावकऱ्यांना हा मार्ग मोकळा नव्हता. आपल्याला आहे.

वेळेचे भान ठेवून येथेच थांबतो.