व्हिएन्नाचे ऑपेरागृह



व्हिएन्नाच्या वास्तुवैभवाचे वर्णन करू लागलो तर राजवाडे आणि चर्चे यांतच वेळ संपेल. म्हणून आम्ही एकाच इमारतीविषयी बोलणार आहोत.

१८५७ साली सम्राट फ्रान्स योझेफ याने शहराभोवतीचा जुना तट पाडण्याचा हुकूम काढला. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात रिंगश्ट्रासे हा प्रशस्त राजमार्ग आखला गेला. पुढे त्यावर संसदभवन, नगरभवन, विद्यापीठ उभे राहिले. पण आरंभीच्या मोठ्या इमारतींत मान ऑपेरागृहाचा. काम १८६१ मध्ये सुरू झाले. सिकार्ड्सबुर्ग आणि फान डर न्यूल हे दोघे स्नेही त्याचे वास्तुशिल्पज्ञ.

बांधकाम चालू असतानाच समोरच्या रस्त्याची पातळी सुमारे एक मीटरने उंचावली गेली. इमारत ठेंगणी दिसू लागली. निर्णय या दोघांचा नव्हता. बोल मात्र त्यांनाच लागला. (सरकारी कामाचा अनुभव असणाऱ्यांना हे नवे नाही.) ‘जमिनीत रुतलेली पेटी’ म्हणून लोक हसले. १८६६ मध्ये क्योनिगग्रेट्झच्या रणांगणावर ऑस्ट्रियाचा दारुण पराभव झाला होता. हे स्थापत्यातले क्योनिगग्रेट्झ, असेही टोमणे निघाले. एप्रिल १८६८ मध्ये फान डर न्यूलने गळफास घेतला. दहा आठवड्यांतच सिकार्ड्सबुर्गही आजारपणात गेला. २५ मे १८६९ रोजी मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ने उद्‌घाटन झाले, ते पाहायला दोघांपैकी कोणीही नव्हते. त्या धक्क्यानंतर सम्राटाने कलाकृतींविषयी ‘फार सुंदर, आनंद वाटला’ याखेरीज मत देणे सोडले, अशी आख्यायिका आहे.

१२ मार्च १९४५ च्या बाँबहल्ल्यात रंगमंच व प्रेक्षागृह जळाले. दर्शनी भाग, भव्य जिना आणि श्विंडची भित्तिचित्रे तेवढी वाचली. शहर परकीय सैन्याच्या ताब्यात, अन्नाची वानवा. तरी ज्या वास्तूला व्हिएन्ना हसली होती तीच पुन्हा उभारण्याचे ठरले. नवे प्रेक्षागृह बोल्टेनश्टेर्न यांनी साध्या वळणाने सजविले. जुन्या जिन्याच्या थाटातून या साधेपणात शिरताना जोड कोठे आहे तो स्पष्ट कळतो; तो लपविला नाही, हे आम्हांस आवडले.

१९५५ मध्ये परकीय फौजा गेल्या आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला बंदिवासातून सुटकेची कथा सांगणाऱ्या बेथोव्हेनच्या ‘फिडेलिओ’ने दारे उघडली. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते रस्त्यावर ध्वनिक्षेपकांपाशी उभे राहून ऐकत होते.

उभ्याने ऐकण्याची रीत आतही आहे. स्वस्त तिकिटे काढून रसिक रांगेने येत, आणि आपली जागा राखण्यासाठी कठड्याला गळपट्टा बांधून ठेवत.