वजन परतते तेव्हा



या व्याख्यानमालेची पत्रिका हाती आली तेव्हा माझ्या विषयाच्या वरच्या ओळीत ज्ञानेश्वरीतील उपमा होत्या आणि खालच्या ओळीत नद्यांचे पाणीवाटप. या दोहोंच्या मधोमध एका सेवानिवृत्त गणिताच्या बाईंचे वजन येऊन बसावे, याचा मलाच प्रथम संकोच वाटला. चिटणीसांना मी तसे म्हटलेही. ते म्हणाले, "बाई, पोटाची शस्त्रक्रिया करून वजन उतरवलेली माणसे आता आपल्या गावातही आहेत. वजन उतरले की सगळे बोलतात. पुन्हा चढले की कोणी बोलत नाही." हे त्यांचे म्हणणे खरे होते, आणि न बोलणाऱ्यांत मी स्वतः तीन वर्षे होते. म्हणून आले.

मी डॉक्टर नव्हे. परंतु आकड्यांशी माझे ३१ वर्षांचे सख्य आहे, तेव्हा आधी आकडे सांगते. २०१४ साली, वयाच्या ५२व्या वर्षी, माझी उंची पाच फूट आणि वजन ११८ किलो होते. मधुमेहासाठी इन्सुलिन, झोपेत श्वास अडू नये म्हणून नाकावर यंत्र, आणि गुडघ्यांची अवस्था अशी की दारापासून फळ्यापर्यंत जाताना मध्ये टेबलाला टेकावे लागे. जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून उरलेल्याची केळ्याएवढी नळी ठेवतात, ती शस्त्रक्रिया मी करून घेतली. दीड वर्षात वजन ७६ वर आले. इन्सुलिन सुटले, यंत्र माळ्यावर गेले. २०२१ साली तेच वजन ९७ होते. म्हणजे ४२ किलो उतरले आणि त्यातले २१ परत आले. गणित एवढेच आहे. पुढचे सारे मनाचे आहे, आणि त्याला सूत्र नाही.

प्रथम शाबासकीविषयी बोलले पाहिजे, कारण माझ्या मते हे दुखणे तिथून सुरू होते. शस्त्रक्रियेनंतरच्या दोन वर्षांत मला जितकी शाबासकी मिळाली, तितकी त्याआधीच्या साऱ्या शिकवण्याला मिळाली नव्हती. स्नेहसंमेलनात मुख्याध्यापकांनी निर्धाराचे उदाहरण म्हणून माझे नाव घेतले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वस्तुतः त्या वेळी माझा निर्धार तो काय होता? मला भूकच लागत नव्हती. भूक चाळवणारे घ्रेलिन नावाचे एक द्रव्य आहे. कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी ते १९९९ साली शोधून काढले. ते मुख्यतः जठराच्या ज्या भागातून स्रवते तोच भाग या शस्त्रक्रियेत निघून जातो. दुपारी सूनबाईंना मला जेवणाची आठवण करून द्यावी लागे. ज्याला तहानच नाही त्याने पाणी प्यायले नाही म्हणून त्याचा सत्कार करावा, तसा तो प्रकार. पण हार मी गळ्यात घालून घेतला. जे श्रेय माझे नव्हते ते घेतले, तेव्हाच पुढे येणाऱ्या दोषाच्या हुंडीवरही मी सही करून बसले. उतरले ते माझ्या गुणाने, तर चढले ते माझ्या अवगुणाने, हा हिशेब मग आपोआपच आला.

परत येणारे वजन वाजतगाजत येत नाही. २०१७च्या पावसाळ्यात आमचे हे गेले, मुलगा-सून बदलीच्या गावी गेली, आणि संध्याकाळचा चहा मी एकटी घेऊ लागले. आता या लहान केलेल्या जठराची एक खोड सांगते. ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ चार घासांत माझा हात धरते. पण चहात बुडवलेली खारी विरघळून जाते. आठ-दहा गेल्या तरी पोट हूं की चूं करीत नाही. शेव, बिस्किटे, आइस्क्रीम यांचेही तसेच. पानावर बसून मी पाखरासारखीच जेवत होते. येता-जाता मात्र चरत होते. 'मी काहीच खात नाही' हे मी शपथेवर सांगितले असते आणि त्यात लबाडी नसती, कारण पानावरचे तेवढेच मी मोजत होते.

पहिले पाच किलो मी हसण्यावारी नेले. दहा झाल्यावर वजनकाटा माळ्यावर टाकला, त्या श्वासाच्या यंत्राशेजारी. गावाची भाषा आपण जाणताच. कोणी प्रेमाने म्हणे, "तब्येत सुधारली हं!" कोणी म्हणे, "सुटलात की पुन्हा!" सर्वांत कठीण ती माणसे, जी काहीच बोलत नाहीत, फक्त नजर एकदा कमरेवरून फिरवून घेतात. भाच्याच्या लग्नात मी अक्षता टाकल्या आणि फोटोच्या वेळी कोठीच्या खोलीत नारळ मोजत बसले. डॉक्टरांकडे जाणे २०१८पासून बंदच होते. नापास झालेला मुलगा मास्तरांच्या घराचा रस्ता टाळतो, आणि मी तर अशा मुलांना आयुष्यभर समजावीत आले होते, की बाळा, नापास झालास तेव्हाच तर मास्तरांची गरज आहे! स्वतःला ते सांगणे मात्र सुचले नाही.

परिणाम असा झाला की जाणे थांबले तशा गोळ्याही थांबल्या. ही शस्त्रक्रिया झालेल्याला जीवनसत्त्वे आणि लोह यांची काळजी जन्मभर घ्यावी लागते. २०२१ साली माझ्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, जिन्यावर तोल जाऊ लागला. बी-१२ जीवनसत्त्व अगदी तळाला गेले होते. म्हणजे पहा, परत आलेल्या २१ किलोंनी जे केले नव्हते ते लाजेने केले. त्या मुंग्या अजून पूर्ण गेलेल्या नाहीत.

शेवटी डॉक्टरांच्या काट्यावर उभी राहिले ती डोळे मिटून. आता रागावतील, या तयारीने बसले. त्यांनी एवढेच विचारले, "इतके दिवस कुठे होता, बाई?" आणि कागद ओढून एक वक्र काढला. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा तो वक्र होता. शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि तसेच स्थूल परंतु शस्त्रक्रिया न झालेले २,०३७ लोक, यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. अन्न जठराला वळसा घालून पुढे नेण्याची शस्त्रक्रिया ज्यांची झाली, त्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत मूळच्या सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले. दहाव्या वर्षी ती घट २५ टक्क्यांवर आली. जठर टाक्यांनी आवळण्याच्या जुन्या पद्धतीत २५ची १६ झाली, जठराभोवती पट्टा बसवण्याच्या पद्धतीत २०ची १४. माझी पद्धत त्या अभ्यासात नव्हती, परंतु वक्राची चाल ओळखीची होती: खोल उतार, मग हळूहळू चढ, मग सपाटी. "यात तुमचे नाव कुठे लिहिलेले दिसते?" डॉक्टरांनी विचारले. हजारो माणसांचा वक्र एकाच दिशेने वळत असेल, तर त्याचे कारण एकेकाच्या जिभेत शोधणे हे गणिताच्या शिक्षकाला तरी शोभत नाही.

आणखी एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. दुसरे महायुद्ध संपत आले असता अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. उपासमारीने गांजलेल्या युरोपातील लोकांना पुन्हा कसे सावरावे, हे त्यांना शोधायचे होते. तरुणांचे वजन सुमारे पाव हिश्शाने उतरले. आणि मग काय झाले? ही मुले पाककृतींची पुस्तके वाचीत बसू लागली, ताटल्या चाटू लागली, चिडचिडी आणि उदास झाली. प्रयोग संपून भरपूर अन्न मिळू लागले तरी कित्येकांची भूक भागेना. पोट तुडुंब भरले तरी खा खा सुटेना. त्यांच्या अंगावर पूर्वीपेक्षा अधिक चरबी चढली. आता हे तरुण कोण होते? सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून, सगळा देश लढत असता शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले. त्यांच्यापाशी मनोनिग्रह नव्हता असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? शरीर गमावलेली पुंजी परत मागते, आणि मागताना धन्याला विचारीत नाही. २०१६ साली अमेरिकेतच वजन उतरवण्याच्या एका स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनी केलेली तपासणी प्रसिद्ध झाली. सरासरी ५८ किलो उतरले होते, ४१ परत आले होते, आणि विश्रांतीच्या वेळचा शरीराचा खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. तीन भाकऱ्यांचा हा फरक समजा.

हे ऐकून मला एकदम हलके वाटले असे सांगितले तर ते खोटे होईल. मला आधी रडू आले. कारण दोष माझा नव्हता हे मान्य केले, की ७६ किलोंची ती बाईही माझ्या कर्तृत्वाची राहत नव्हती, आणि ती मला फार आवडली होती. तिचे शोक करायला मला मानसोपचारतज्ज्ञांकडे सहा महिने जावे लागले. तिथे जायला वेड लागावे लागते, ही समजूत आता तरी आपण सोडावी. त्यांनी मला वही घालायला सांगितली, पण काय खाल्ले याची नव्हे. खारीचा डबा उघडण्याच्या आधी मनात काय होते याची. महिनाभरात वहीने उत्तर दिले. जवळजवळ प्रत्येक नोंद साडेपाच ते सातची होती. तो यजमानांचा घरी येण्याचा वेळ. भूक खरीच होती, पण ती पोटाची नव्हती. आता त्या वेळात शेजारची दोन मुले माझ्याकडे बीजगणित शिकायला येतात. आठवड्यातून दोनदा खारी तरीही होतेच.

दुसरी गोष्ट शून्यबिंदूची. आलेख कुठून मोजायचा हे आपणच ठरवतो. मी ७६ पासून मोजत होते, म्हणून २१ किलो हरले होते. डॉक्टर ११८ पासून मोजत होते, म्हणून त्यांच्या हिशेबी तेव्हाही २१ किलो जिंकलेलेच होते. साखर गोळ्यांवर होती, इन्सुलिनवर नव्हे. त्या स्वीडिश अभ्यासातही, वजन काही अंशी परत येऊनसुद्धा, सरासरी अकरा वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण, वय वगैरे जमेस धरून, २९ टक्क्यांनी कमी निघाले.

याचा अर्थ हातावर हात ठेवून बसावे असा नव्हे. चढ मोठा किंवा अचानक असेल तर जठर ताणले आहे काय, थायरॉइडचे काही आहे काय, दुसऱ्या एखाद्या आजाराच्या औषधाने वजन वाढते आहे काय, हे डॉक्टर तपासू शकतात. भूक आवरणारी नवी इंजेक्शने २०२५ साली आपल्याकडेही आली. त्यांचा काहींना उपयोग होतो, परंतु ती थांबवल्यावर वजन परतू लागते, तेव्हा तिथेही हारतुरे जपून घ्यावेत. आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते. या शस्त्रक्रियेनंतर दारू लवकर आणि जोरात चढते. अन्नाची सोबत सुटलेली काही माणसे तिच्याकडे वळतात. काहींच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात, असेही अभ्यासात आढळले आहे. घरात कोणी असे गप्प गप्प राहू लागले, तर त्यांच्या ताटाकडे पाहू नका. त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा.

आमच्या शिंप्याची गोष्ट राहिली. २०१५ साली मी त्याच्याकडे बारा पोलकी आत घ्यायला दिली आणि बजावले, शिवणीतले जादा कापड कापून टाक, ते आता लागायचे नाही. २०२० साली तीच पोलकी कागदात गुंडाळून, भर दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नाही असे पाहून घेऊन गेले. त्याने एक उलटे करून पाहिले आणि म्हणाला, "बाई, माया मी कापली नव्हती." बाराही पोलकी दोन दिवसांत उसवून, मोठी करून, इस्त्री करून दिली. त्या तीन वर्षांत मला लाज वाटली नाही असे हे एकच दुकान.

अध्यक्षांनी प्रश्नांसाठी वीस मिनिटे राखून ठेवली आहेत. वजनकाटा माळ्यावरून खाली आला आहे. आज सकाळी त्याने ९२ किलो दाखवले. तेवढा प्रश्न सोडून बाकी काहीही विचारावे.