घोडा, चाप आणि आत लपलेली सही

आधी एक आवाज ऐका. टक्. आणि पुन्हा, टक्.

(ब्लॉगवर वाचणाऱ्यांसाठी: ऑडिओत इथे चार सेकंद शांतता आहे.)

पहिला आवाज उजव्या घोड्याचा, दुसरा डाव्याचा. हेडफोन लावून कितीही वेळा ऐका, फरक सापडणार नाही. मला तरी नाही सापडला. आणि ही बंदूक सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, मंडळी.

नमस्कार. तुम्हाला माहीत आहेच, मी कोड लिहून पोट भरतो आणि सध्या ऑनसाइट म्हणून बर्मिंगहॅमला आहे. ऑफिसपासून चालत दहा मिनिटांवर एक भाग आहे, त्याला आजही गन क्वार्टर म्हणतात. एकेकाळी इथे गल्लोगल्ली बंदुकीचे कारागीर होते. 1960 च्या दशकात रिंग रोड आला, बराच भाग पाडला गेला. आता मोजके उरलेत. त्यातल्याच एकाच्या वर्कशॉपमध्ये मी सलग तीन शनिवार जाऊन बसलो. माझ्या टीममधल्या एकाचे ते काका. रेकॉर्डिंग कर म्हणाले, पण नाव घेऊ नकोस. म्हणून आपण त्यांना आजोबा म्हणू.

टेबलावर होती एक दुनळी, बारा बोअरची. दोन नळ्या शेजारी शेजारी, आणि बाहेरून दिसणारे दोन घोडे. आपण बोलताना 'घोडा दाबला' म्हणतो ना, तो खरं तर चाप. घोडा म्हणजे वरचा वाकडा तुकडा, जो अंगठ्याने मागे ओढायचा आणि जो पुढे येऊन ठोका देतो. आणि बारा बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या सारख्या 12 गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी जाड, तेवढं नळीचं भोक. साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. हे कळेपर्यंत मी उलटंच समजत होतो.

आता नळ्या. यांच्यावर पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी आहे. मला वाटलं वरून कोरली असेल. नाही. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचायच्या, तापवून ठोकून एकजीव करायच्या, त्याचे गज काढायचे. मग गज लालभडक तापवून त्याला पीळ द्यायचा, आपण ओलं धोतर पिळतो तसा, पार दोरखंडासारखा दिसेपर्यंत. असे दोन-तीन गज शेजारी ठेवून परत ठोकून जोडायचे, शेजारच्याचा पीळ उलट्या दिशेचा. झाली एक पट्टी. ती पट्टी सळईभोवती गुंडाळायची आणि कडेला कड ठोकून सांधत जायचं. तेव्हा एक नळी. शेवटी नळीवर मुद्दाम गंज चढवायचा, घासून काढायचा, परत चढवायचा. लोखंड आणि पोलाद वेगवेगळा रंग धरतात आणि आतला पीळ वर दिसायला लागतो. म्हणजे ती नक्षी सजावट नाही, नळी कशी बनली त्याचा तो लॉग आहे!

याला इंग्रज दमास्कस म्हणतात. आपल्याकडच्या तलवारींचं वुट्झ पोलाद वेगळं, ते मुशीत वितळवून करायचे. पण पीळ दिलेल्या नळ्या तुर्कस्तानात आणि हिंदुस्थानात तोड्याच्या बंदुकांना आधीपासून होत्या. इंग्रजांनी हे शून्यातून काढलं, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

नळी सरळ आहे का, हे कसं बघायचे? डोळ्याने. नळी खिडकीकडे धरायची. आतल्या चकचकीत भिंतीवर चौकटीच्या कडेची सावली रेघ होऊन पडते. रेघ कुठे वाकली, तर तिथे हातोडीचा एक नेमका फटका. आजोबांनी मला नळीतून बघायला लावलं. मला रेघ सरळ दिसली. ते म्हणाले, नीट बघ. मी परत बघितलं. परत सरळच. ते नुसते हसले.

मग त्यांनी उजव्या बाजूचा खटका उघडला. त्याआधी स्क्रूड्रायव्हरची धार दगडावर घासून त्या एका स्क्रूच्या खाचेइतकी करून घेतली. एका स्क्रूसाठी! कारण खाच बिघडली की तसा स्क्रू बाजारात मिळत नाही. आत इंग्रजी व्हीच्या आकाराची चपटी स्प्रिंग, आरशासारखी. घोडा ठोका देऊन आपोआप किंचित मागे येऊन थांबतो, ही युक्ती वुल्व्हरहॅम्प्टनच्या जॉन स्टॅन्टनने 1867 मध्ये पेटंट केली. त्याआधी प्रत्येक बारानंतर घोडा हाताने मागे घ्यावा लागे, नाहीतर बंदूक उघडताना अडकायची.

हे सगळं एकमेकांत बसवलं कसं? दिव्याच्या काजळीने. एका तुकड्याला काजळी लावायची, दुसऱ्यावर दाबायचा. काळं जिथे उमटेल तिथे कानस, एकच घास. परत काजळी, परत दाब. लाकडी दस्त्यातली खटक्याची जागाही अशीच कोरलेली, अक्रोडाच्या लाकडात. म्हणून या बंदुकीचा घोडा दुसऱ्या कुठल्याही बंदुकीला बसणार नाही. अगदी तिच्याच डाव्या बाजूलाही नाही. डावा घोडा उजव्याचा आरसा, पण दोन्ही नजरेने घासलेले.

आणि मला ज्यासाठी हा एपिसोड करावासा वाटला ती गोष्ट. वर, दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर, सोन्याच्या अक्षरांत दुकानाचं नाव आहे. आत, खटक्याच्या प्लेटच्या मागे, दोन बारीक अक्षरांचा शिक्का. नळ्यांच्या खाली आणखी दोन अक्षरं, वेगळी. नळीवाला वेगळा, खटकेवाला वेगळा, दस्ता करणारा वेगळा, नक्षीवाला तर कुठेच नाही. गिट ब्लेम, मंडळी! फक्त तो वाचायला सगळं खोलावं लागतं. दुकानदाराने यातलं काय केलं, असं विचारलं, तर आजोबा म्हणाले, "बिल."

नळीखाली अजून शिक्के आहेत. मुकुट आणि आडवे राजदंड, म्हणजे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसने जादा दारू भरून ही उडवून बघितली आणि ती फुटली नाही. आपल्या भाषेत लोड टेस्टिंग. 1813 सालच्या कायद्याने निघालेली ती जागा आजही चालू आहे. शेजारी इंग्रजीत 'गोळीसाठी नाही' असा शिक्का. तो 1875 ते 1887 एवढीच वर्षं मारत, तोंडाशी नळी किंचित अरुंद केली असेल तर. त्यावरून वय कळलं.

एक गोष्ट सांगितली नाही तर खोटेपणा होईल. याच शहरातून अठराव्या शतकात पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ढिगाने स्वस्त बंदुका गेल्या आणि तिथे त्या माणसांच्या बदल्यात दिल्या गेल्या. मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, हो, आणि त्यांवरही कुणाच्या तरी कानशीचे घास होते. पुढे काही बोलले नाहीत. मीही नाही.

आता ही बंदूक टेबलावर का होती? डाव्या नळीत गंजाचे खड्डे पडलेत. मालकाला ते घासून आतून नळी नवीकोरी हवी आहे, शिवाय आजची काडतुसं उडवायची आहेत. आजोबांनी जाडी मोजली. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले 22, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त. 20 च्या खाली कारागीर जात नाहीत. खड्डे घालवायचे तर 20 च्या बरंच खाली जावं लागेल. आणि ही नळी काळ्या दारूसाठी तपासलेली, आजच्या दारूसाठी नाही. माझ्या कामात चुकलं तर रोलबॅक मारतो. इथे घासलेलं लोखंड परत चिकटत नाही.

त्यांनी नाही सांगितलं. फोनवर समोरचा आवाज चढला, तो मलाही ऐकू आला. दुसरा कुणीतरी करून देईल, असं तो म्हणत होता. आजोबा म्हणाले, देईल.

मग त्यांनी खटका परत बसवला. शेवटचा स्क्रू फिरवला, त्याची खाच नळीच्या रेषेत येऊन थांबली. बिलावर फक्त तेलपाण्याचे पैसे लिहिले आणि बंदूक पेटीत ठेवली. सोमवारी मालक येऊन घेऊन गेला.