करंजी कुणी शिकायची?

(दिवाळीपूर्वी वस्तीतल्या महिला मंडळांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला करंजीबद्दल बोलायचं आहे. हसू नका. पोटगी, मारहाण, रेशन यांवर आपण नेहमी बोलतो आणि बोलायलाच हवं. पण दिवाळी आता दोन आठवड्यांवर आली आहे. या दिवसांत आपल्या घरी परातीभोवती मुलं जे शिकतील, ते पुढे त्यांच्या संसारात उतरणार आहे.

दरवर्षी काय होतं ते आठवून बघा. आपण पारी लाटत असतो. मुलगा येऊन म्हणतो, "आई, मला पण दे ना." आपण एक लाटी त्याच्या हातावर ठेवतो. तो तिचा साप करतो, चिमणी करतो. आपण कौतुक करतो आणि म्हणतो, "बास रे, जा आता खेळायला." मुलगी आली की मात्र तिला दुसरा पोळपाट मिळतो. "कड नीट दाब. सारण सांडू नकोस. उद्या सासरी काय म्हणतील?" पीठ एकच, पण मुलाच्या हातात ते खेळणं होतं आणि मुलीच्या हातात जबाबदारी.

पुढे काय होतं, ते वस्तीत काम करताना मी सतत पाहते. आई आजारी पडली की शाळा बुडते ती मुलीची. थोरला भाऊ घरात असतो, पण त्याला भात लावता येत नाही.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पाहणी करून सहा वर्षांच्या मुलांपासून सगळ्यांच्या दिवसाचा हिशेब मांडला. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका निघाल्या शंभरात ८१ आणि पुरुष २६. त्या कामात करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, करणाऱ्या पुरुषांची ९७. अशीच पाहणी २०२४ साली झाली, तेव्हा हे आकडे २८९ आणि ८८ आले. वजाबाकी करून बघा. पाच वर्षांत अंतर कमी झालं ते एका मिनिटानं!

म्हणून माझं म्हणणं आहे, की या वर्षी मुलग्यालाही पोळपाटाशी बसवा, आणि शेवटपर्यंत बसवा.

तुम्ही म्हणाल, "ताई, त्याला घेतलं की काम दुप्पट होतं. त्याची करंजी तेलात फुटते आणि सगळं तेल काळं होतं." खरं आहे. सारण जास्त झालं किंवा कड सुटली, की असं होतंच. मग एवढं करा. मुलांच्या करंज्या वेगळ्या ताटात ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा आणि त्यांचा घाणा सगळ्यात शेवटी काढा. फुटली तर फुटली, बाकीचा फराळ तोवर डब्यात गेलेला असेल.

चार-पाच वर्षांचं मूल भाजलेलं खोबरं, खसखस, पिठीसाखर कालवू शकतं. सात-आठ वर्षांचं मूल पारीत चमचाभर सारण भरून, कडेला दुधाचं बोट लावून ती दाबू शकतं. कातण फिरवायला तर सगळ्यांनाच आवडतं. तळण मात्र मोठ्या माणसानंच करायचं. आपल्याकडे एकाच खोलीत, जमिनीवर स्टोव्ह असतो. तेव्हा मुलांचं भरणं पुरं होऊन ती उंबऱ्याबाहेर गेल्याशिवाय कढई चढवू नका. ओले हात कढईपासून लांब ठेवा. पाण्याचा थेंब पडला तरी तेल उडतं.

करंजीचं निम्मं काम तिच्या आधी आणि नंतर असतं. मैदा चाळणं, किसणी धुणं, सांडलेलं पुसणं, परात घासणं हेही मुलग्याच्या वाट्याला येऊ द्या. आणि ते झाल्यावर "माझा राजा आईला मदत करतो हं" असं म्हणू नका. मदत म्हटलं की काम आईचंच ठरतं. जो खातो, त्याचं ते काम आहे.

आणि मुलीला? तिला कधीतरी "मला कंटाळा आला" म्हणून उठू द्या. भाऊ उठतो तेव्हा आपण चालवून घेतो, तसं तिचंही चालवून घ्या. सासूबाई बोलतील, नवरा हसेल. त्यांनाही एकेक लाटी द्या.

एका दिवाळीत घर बदलणार नाही, हे मलाही कळतं. पण ज्या मुलाला आठव्या वर्षी कड दाबता येते, त्याला अठराव्या वर्षी "हे बायकांचं काम" म्हणणं जरा जड जाईल.

दिवाळीनंतरच्या बैठकीला येताना मुलांनी केलेल्या करंज्या घेऊन या. वाकड्या असल्या तरी चालतील. आपण त्या चहाबरोबर खाऊ आणि परात कुणी घासली, तेही एकमेकींना विचारू.