स्पेक्ट्रम : काटकसरीतून घडलेला घरगुती संगणक

संगणक सर्वसामान्य ब्रिटिश कुटुंबाच्या आवाक्यात आणण्यात केंब्रिजच्या सिंक्लेअर कंपनीचा वाटा फार मोठा. क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८० साली 'झेडएक्स-८०' बाजारात आणला, तो ९९ पौंड ९५ पेन्सला. स्मृती अवघी १ किलोबाइट. पडद्याची जागा घरातल्या टीव्हीने घेतली. चित्रासाठी वेगळी चिप नसल्याने तेही काम प्रोसेसरकडेच होते. साहजिकच कळ दाबली की चित्र लुकलुके आणि आकडेमोड सुरू झाली की पडदा कोरा होई. पुढच्या वर्षीच्या 'झेडएक्स-८१' मध्ये बहुतेक सुट्या चिपांचे काम फेरांटी कंपनीच्या एकाच चिपवर सोपवले गेले आणि किंमत ६९ पौंड ९५ पेन्सवर उतरली.

या घराण्यातला खरा कर्तबगार म्हणजे २३ एप्रिल १९८२ रोजी आलेला 'झेडएक्स स्पेक्ट्रम'. १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना, ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. जोडणी रिचर्ड आल्टवासर यांची, बेसिक भाषा स्टीव्ह व्हिकर्स यांची, तर बाह्यरूप रिक डिकिन्सन यांचे. साऱ्या कळा एकाच रबरी पत्र्यातून उठवलेल्या होत्या. प्रत्येक कळेवर चार-पाच कामे असत. ओळीच्या सुरुवातीला 'पी' दाबले की 'प्रिंट' हा पूर्ण शब्द उमटे.

रंगांची योजना तर मुळातून पाहण्याजोगी आहे. पडद्यावर २५६ गुणिले १९२, म्हणजे ४९,१५२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायचा तर २४ किलोबाइट लागले असते. स्वस्त नमुन्यात एवढी स्मृतीच नव्हती. म्हणून ठिपक्यांसाठी ६,१४४ बाइट ठेवले आणि पडद्याचे आठ बाय आठ ठिपक्यांचे ७६८ चौकोन पाडून प्रत्येकाला रंगांसाठी एकच बाइट दिला. सगळे काम ६,९१२ बाइटांत भागले. मात्र एका चौकोनात दोनच रंग मावत. त्यामुळे खेळातले पात्र झाडापुढून गेले की झाडाचा तेवढा भाग पात्राच्याच रंगाचा होई. यावर उपाय म्हणून अनेक खेळ मुद्दाम एकरंगी केले गेले, आणि त्यांतले काही देखणेपणात आजही कमी वाटत नाहीत.

प्रोग्रॅम साध्या कॅसेटवरून चढवले जात. मोठ्या खेळाला पाचेक मिनिटे लागत. तेवढा वेळ टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे धावत आणि कर्कश आवाज चाले.

१९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅड कंपनीने सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय ५० लाख पौंडांना घेतला. तिने आधी कॅसेट-यंत्र आणि मग डिस्क संगणकातच बसवली. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८८ मध्ये परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' विकायला आणला. सोव्हिएत संघात मात्र हौशी तंत्रज्ञांनी परवान्याविनाच नकला बनवल्या. मूळ स्पेक्ट्रमचे उत्पादन १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबले, तरी रशियात या नकलांसाठी नवे प्रोग्रॅम त्यानंतरही लिहिले जात होते.