घरची बोली आणि मुलाचा मान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या शीळफाट्यावर कल्याण, मुंब्रा, पनवेल व महापे अशा चारही बाजूंचे रस्ते मिळतात. इथली आगरी, ठाकूर, कातकरी कुटुंबे आणि घाटावरून, उत्तरेकडून आलेली मंडळी, साऱ्यांची मुले एकाच बाकावर बसतात. ही चिमुरडी स्वतःविषयी काय समजूत बाळगून मोठी होतात, याविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे.

लहान मुलाला आपली किंमत मोठ्यांच्या चेहऱ्यावरून कळते. अमेरिकेत १९४० च्या सुमारास केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे काळ्या व गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. रंगाखेरीज त्यांत फरक नव्हता. बहुतेकांनी गोरी बाहुलीच चांगली म्हटली. ‘तुझ्यासारखी कोणती?’ असे विचारताच काहींना रडू कोसळले. वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालात या संशोधनाचा दाखला आहे.

आपल्याकडे हीच गोष्ट बोलीवरून घडते. पोर ‘मना नाय ठाव’ म्हणाले की वर्ग हसतो. ‘अशुद्ध बोलू नकोस’ म्हटले की त्याला वाटते, माझी आईच अशुद्ध! मग ते गप्प बसते आणि आपण त्याला मठ्ठ ठरवून मोकळ्या होतो.

यावरची वाट जुन्या ठाणे जिल्ह्यातच दोन बायकांनी दाखवली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले येईनात, तेव्हा त्यांच्या अंगणातच बालवाडी नेली. ‘अंगणवाडी’ हे नाव त्यातूनच आले. पुढे कोसबाडला वारली मुले गुरे राखीत, तर कुरणातच शाळा भरू लागली. खडे, पाने, बिया, शिंपले हीच शिकण्याची साधने झाली. मुलाला आपले घर शाळेत भेटले.

प्रमाण मराठी मुलांना आलीच पाहिजे. त्यावाचून पुढची दारे उघडत नाहीत. पण ‘मला’ शिकवताना ‘मना’ची लाज वाटायला लावू नये. आपण एवढे करू या: मुलाचे नाव त्याच्या घरी घेतात तसेच घ्यावे. बालवाडीत आया-आज्यांना बोलावून त्यांच्याच बोलीत गोष्टी सांगायला लावाव्यात. आणि हळदीकुंकवाचे बोलावणे प्रत्येक वस्तीत जावे, कारण आपण कोणाला बोलावतो हे मुले पाहत असतात.