आमच्या भट्टीची यंदाची हकीकत

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



"तुमच्या भांड्यांविषयी चार शब्द सांगा," अशी चिटणीसबाईंनी आज्ञा केली, तेव्हा मी आधी नाहीच म्हणून सांगितले. माझे हात चिखलात चालतात, पण सभेत तोंड चालत नाही. तरी संक्रांतीपासून एक गोष्ट मनात राहून गेली आहे. ती चौघींच्या कानात सांगण्यापेक्षा सर्वांसमोर सांगितलेली बरी, म्हणून उभी राहिले आहे.

घराच्या मागच्या अंगणात माझे चाक आणि विजेची भट्टी आहे, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. भट्टी लागली की आळीतले दिवे मंद होतात असा माझ्यावर आरोपही आहे! पण वर्षभर तेथे काय चालते, हे पुष्कळजणींनी पाहिले नसेल.

आमचे वर्ष पावसाशी बांधलेले. आपल्या साताऱ्याच्या पावसात वाडगा वाळायला आठ-दहा दिवस घेतो. तोच चैत्रात दोन दिवसांत वाळतो. घाई करून चालत नाही. अर्धवट वाळलेले सांडगे डब्यात भरले तर बुरशी येते, एवढेच. अर्धवट वाळलेले भांडे भट्टीत भरले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटते आणि शेजारच्या चार भांड्यांनाही घेऊन जाते. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. कपाचा कान आधी वाळतो, पोट मागाहून, आणि जोडावर तडा जातो. म्हणून उन्हाळ्यात मी भांड्यांवर ओली फडकी घालते आणि पावसाळ्यात ती काढून वारा घालत बसते.

वाळलेले भांडे दोनदा भाजावे लागते. पहिल्यांदा सुमारे ९५० अंशांवर. मग त्याला झिलई द्यायची. झिलई म्हणजे गारेची पूड, फेल्डस्पार, चुनखडी आणि थोडी माती पाण्यात कालवून केलेले पीठ. धिरड्याच्या पिठाहून पातळ. त्यात भांडे बुडवून पुन्हा भट्टीत, या वेळी १२०० अंशांच्या वर. तेव्हा त्या पिठाची काच होते. इतके होईतो दहा इंचांचा ओला वाडगा आटून नऊ इंचांचा झालेला असतो. भट्टी निवायला दीड दिवस लागतो. तोवर झाकण उघडायचे नाही, हे मला अजूनही जड जाते.

अशी भांडी कोण घेते, असे मला नेहमी विचारतात. हाताने घडवलेल्या भांड्यांचे शौकीन आता आपल्या देशातही आहेत. दिल्लीच्या सरदार गुरचरण सिंग यांनी जपानात जाऊन ही विद्या शिकून घेतली. पाँडिचेरीला १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि तेथे अनेकजण तयार झाले. झिलईचा हिशेब मी निर्मला पटवर्धन यांच्या कुंभारकामावरील पुस्तकातून शिकले. चाक मात्र शिकवले ते आपल्याच कुंभारवाड्यातल्या एका आजींनी. संक्रांतीची सुगडी करता करता त्या मला बोटे कशी धरायची ते दाखवीत.

आता मूळ गोष्ट. यंदा नवरात्राच्या आधी मी एक नवी हिरवी झिलई केली. हिरवा रंग तांब्याचा. पावसाळ्यात भिंतीवर शेवाळ येते ना, तसा मऊ, बिनचकाकीचा हिरवा. चाचणीचा तुकडा पाहिला आणि मी रंगाला भुलले. चौसष्ट वाडगे एकदम भरले. दिवाळीच्या आधी भट्टी उघडली तेव्हा माझे मलाच खरे वाटेना. मुंबईच्या एका संग्राहक गृहस्थांनी छायाचित्र पाहूनच चोवीस मागितले. त्याच आठवड्यात आपल्या मंडळाच्या भगिनी आल्या आणि "उरलेले चाळीस आमच्या हळदीकुंकवाच्या वाणाला द्या, पैसे रोख देऊ," म्हणाल्या. मी आनंदाने होकार दिला.

त्याच रात्री एका वाडग्यात लिंबाची फोड ठेवून झोपले. हे खरे तर चाचणीच्या तुकड्यावरच करायचे असते. ते माझे राहून गेले होते. सकाळी फोड उचलली, तर तिच्याखाली पांढुरका गोल उमटलेला. हिरवा रंग लिंबात उतरला होता.

हे का होते, ते आपणां गृहिणींना सांगायला नकोच. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते. आंबट पदार्थ तांबे ओढून घेतो. पोटात गेले की मळमळते, वांत्या होतात. काच तांब्याला आपल्या पोटात धरून ठेवू शकते; पण पाकात साखर मावते तेवढीच मावते, जास्त झाली की खडे बसतात. माझ्या झिलईत गारेची पूड कमी होती आणि शंभर भागांना पाच भाग तांब्याचे क्षार मी घातले होते. ते तांबे काचेत मावलेच नाही. ज्या मऊ रंगाला मी भुलले, तो रंगच त्या दोषातून आलेला होता. चार वाडगे पुन्हा जास्त भाजून पाहिले. झिलई ओघळून भट्टीच्या फळीला चिकटली, ते चारही गेले.

उरले साठ. वाणाच्या वाडग्यात कोणी तिळगूळ ठेवील, पण दुसऱ्या दिवशी त्यातच कढी किंवा लोणचे येणार. म्हणून मी आलेल्या भगिनींना दारातच "ते वाडगे देता येणार नाहीत" एवढेच सांगून परत पाठवले. कारण सांगितले नाही. आपण केलेले भांडे खाण्याच्या कामाचे नाही, हे बोलायची मला लाज वाटली. त्यातून "मुंबईच्या गिऱ्हाइकापुढे आळीतल्या बायका कशाला हव्यात," असे बोलणे झाले. ते बोलणाऱ्यांचा दोष नाही. कारण न सांगता दिलेला नकार असाच कानी जातो. त्याबद्दल मी आज मंडळाची क्षमा मागते.

मुंबईच्या गृहस्थांना मात्र मी सर्व लिहून कळवले. ते म्हणाले, "आम्ही त्यात जेवणार थोडेच! काचेच्या कपाटात ठेवू." मन मोहात पडले, हे कबूल करते. त्या रकमेत भट्टीच्या झिजलेल्या तारा बदलून झाल्या असत्या. पण कपाटातली भांडी कपाटातच राहतात असे कोठे आहे? आज हौसेने ठेवलेला वाडगा उद्या सुनेच्या हातात जाईल, परवा त्यात ती दही लावील. तिला कोण सांगणार? बुडाशी लावलेली चिठ्ठी दोनदा धुतली की जाते.

शेवटी मी एक उपाय केला. साठही वाडग्यांच्या बुडाला भोक पाडले. आता त्यात कढी राहायची नाही, माती राहील. भोकाचे वाडगे त्या गृहस्थांना नको झाले आणि तो व्यवहार मोडला. जुन्या तारांवरच भट्टी चालली आहे. तापायला दोन तास जास्त घेते, एवढेच.

ते साठही वाडगे आज मागच्या पडवीत मांडून ठेवले आहेत. जाताना हव्या त्या भगिनीने एक घेऊन जावा, पैसे नकोत. शेवंती लावा, मोगरा लावा. तुळस मात्र लावू नका. तिची पाने आपण तोंडात घालतो. यात मी कदाचित अतिसावध असेन, पण एकदा पोळले आहे.

आणि जत्रेतून, प्रदर्शनातून रंगीत भांडे आणाल तेव्हा लिंबाची फोड रात्रभर ठेवून पाहा. रंग बदलला तर त्यात आंबट ठेवू नये. बदलला नाही म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. शिसे रंग न बदलताही उतरते आणि त्याची खात्री प्रयोगशाळेतच होते. विकणाऱ्याला सरळ विचारावे, "यात जेवता येईल का?" जो उत्तर द्यायला कचरतो, त्याचे भांडे फुलांसाठी ठेवावे. मलाही विचारा.

पुढच्या मोसमाची बातमी एवढीच की, पाडव्यानंतर नवे वाडगे चाकावर घेणार आहे. आतून साधी पांढरी झिलई, हिरवा रंग फक्त बाहेरून, ओठापासून दोन बोटे खाली. पहिल्या तुकड्यावर लिंबू ठेवीन आणि नमुना प्रयोगशाळेतही पाठवीन. तेथून होकार आला, तर येत्या संक्रांतीचे वाण माझ्याकडून. नाही आला, तर या वेळी दारात उभे करून नव्हे, घरात बसवून चहा देऊन कारण सांगेन.